सहा-एक्केचाळीस

जुन्या ट्रकचा स्वभाव कागदावर सापडत नाही. आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, रंगसुद्धा असतो. पण मागच्या धुऱ्याच्या हौसिंगच्या पोटात कुठली क्राउन-पिनियन बसली आहे, याबद्दल ते पुस्तक अवाक्षर काढत नाही. हौसिंगवर नंबराची पट्टी असलीच, तर ती ग्रीस, माती आणि रंगाच्या थरांखाली बुजलेली. शिवाय भंगारातून दुसऱ्याच गाडीचं हौसिंग आणून बसवलेलं असलं, तर कागद काय सांगणार? मग मिस्त्री खडू मागतो.

मला ही रीत फार आवडते. गिअर न्यूट्रलला. मागचं एक चाक जमिनीवर, दगड लावून घट्ट अडवलेलं. दुसरं जॅकवर अधांतरी. एक रेघ टायरवर, एक प्रोपेलर शाफ्टवर. एकानं चाक हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली उताणं पडून शाफ्टचे फेरे मोजायचे. चाकाचे फेरे मात्र दोन द्यायचे. कारण एक चाक अडलं की त्याच्या वाट्याचं फिरणंही डिफरन्शियल दुसऱ्याला देऊन टाकतं. क्राउन एकदा फिरते तेव्हा मोकळं चाक दोनदा फिरतं. १८२० च्या दशकात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी ही वाटणी बसवली, वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावता यावं म्हणून. घड्याळजीच तो, दात मोजण्यात हयात गेलेला.

शाफ्टचे फेरे पावणेसातच्या जरा वर भरले, तर जोडी सहा-एक्केचाळीसची. पिनियनला सहा दात, क्राउनला एक्केचाळीस, भागाकार ६.८३. सहाला थोडे कमी पडले, तर सात-एक्केचाळीस, म्हणजे ५.८६. टाटाच्या ट्रकांत दोन्ही भेटतात.

बेचाळीस दात ठेवून हिशेब सरळ सातपट का केला नाही, हे कोडं मला बरेच दिवस होतं. पण तसं केलं असतं, तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर त्याच सात दातांवर आपटत राहिला असता. सहा आणि एक्केचाळीसला सामाईक भाजकच नाही. त्यामुळे पिनियनचे एक्केचाळीस फेरे होईपर्यंत तिचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला एकदा भेटून येतो. २४६ भेटी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. झीज सगळ्यांत वाटली जाते. एखाद्या दातावरची खोड एकाच जोडीदाराच्या नशिबी येत नाही. क्राउन आणि पिनियन मात्र जोडीनंच बदलतात. एक जुनी, एक नवी बसवली, की गाडी रस्ताभर रडते.

धुऱ्याची जात ओळखायला एवढी खटपट लागत नाही. चाकाच्या मधोमध बोल्टांनी आवळलेली गोल चकती दिसली, की धुरा फुल फ्लोटिंग. सगळं ओझं हौसिंग वाहतं, आतला शाफ्ट फक्त फिरवतो. गाडी बंद पडली, तर चाकं जागेवर ठेवून तो ओढून काढतात आणि मगच ट्रक टोचन करून नेतात.

पण मालक-ड्रायव्हरचं भांडण होतं ते जोडीच्या आकड्यावरून. इंजिनाचे फेरे मिनिटाला २४०० धरले आणि टॉप गिअर सरळ असला, तर दहा-वीसच्या टायरवर सहा-एक्केचाळीसची गाडी ताशी सुमारे ६७ किलोमीटर पळते, सात-एक्केचाळीसची ७९ च्या आसपास. मालकाला हे बारा किलोमीटर हवे असतात. सपाटीवर डिझेलही कमी लागतं, असं तो ऐकवतो. त्याचं चूक नाही. पण पुण्याहून साताऱ्याकडे भरलेली गाडी घेऊन खंबाटकी चढताना मालक केबिनमध्ये नसतो. तिथे दुसऱ्या गिअरवर इंजिन गुदमरायला लागलं, की पहिला टाकायचा, मागची रांग हॉर्न वाजवणार, आणि किन्नर दरवाजा उघडून दगड हातात घेऊन तयार. ड्रायव्हरला विचाराल, तर तो सहाच म्हणेल. जोडीचे पैसे मात्र मालक देतो, त्यामुळे बहुतेक वेळा बसते ती सात.