चाळीची दारे उघडी होती

मुंबईत वरळीच्या जांबोरी मैदानाकडे गेले की बी. डी. डी. चाळी लागतात. १९२० च्या दशकात सरकारने त्या बांधल्या. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली अवघी १६० चौरस फुटांची. मधून लांब बोळ आणि सामाईक संडास. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या कष्टकऱ्यांनी येथे संसार केले.

खोलीत पाय पसरायला जागा नसे, म्हणून पोरे आपोआप बाहेर पडत. बोळात क्रिकेट, खाली लगोरी, मैदानात कबड्डी. आई कामावर गेली तरी शेजारच्या मावशीचे लक्ष असे, कारण दारे उघडी असत.

ऑगस्ट २०२५ मध्ये येथील ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा संडास, स्वतःचे न्हाणीघर! हे हक्काचेच आहे. पण उंच घराचे दार बंद असते. तीन वर्षांचे लेकरू एकटे लिफ्टने खाली कसे जाणार? आईबाप कामावर, आजीचे गुडघे दुखतात. मग हाती मोबाईल येतो. त्याशिवाय घास तोंडात जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे : दोन वर्षांच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून अधिक नको; त्यापेक्षा कमी तर उत्तमच. उलट एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल व्हावी. तीन-चार वर्षांच्या मुलाने त्यातला एक तास दमेपर्यंत खेळावे. धावण्याने हाडे-स्नायू बळकट होतात, झोप चांगली लागते. बोलणे तर माणसांशी बोलूनच येते; मोबाईल उलट उत्तर देत नाही.

माता-भगिनींनो, यास पैसा लागत नाही. चार-पाच घरांनी पाळी लावावी; रोज संध्याकाळी एकाने सर्वांची मुले खाली न्यावीत. जेवताना मोबाईल दूर ठेवून गोष्ट सांगावी. आणि बंधूंनो, सोसायटीच्या सभेत गाड्या कोठे लावायच्या हे ठरते, तेव्हा पोरे कोठे खेळणार हेही विचारा. चाळीत ती जागा न मागता मिळाली होती. आता ती मागून घ्यावी लागेल.