ओल्या पेंडीची ट्रॉली

आमच्या बाळीने सातव्या महिन्यात गाभ टाकला, त्याला वर्ष होत आलं. देवणी गाय, घरच्याच गाईची वासरी, पहिलारू. गोठ्यात पाऊल टाकलं की अजून आधी तिच्याच दावणीकडे नजर जाते.

भालकी तालुक्यात आमची पाच एकर, दावणीला सहा जनावरं. ज्वारीचा कडबा, गुलबर्ग्याच्या डाळ मिलची तुरीची चुणी, जमेल तेव्हा सरकी पेंड. पेंड महागली आणि तेवढ्यात इथेनॉलवाले मक्याकडे वळले. क्विंटलभर मक्यातून ३८ लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, वाळल्या हिशेबाने तीसेक किलो चोथा उरतो. वाळवला की डीडीजीएस, नाही वाळवला की ओली पेंड. त्यातली प्रथिनं मक्याच्या तिप्पट. दूध वाढतं, हे मी मापाने पाहिलंय.

ओली स्वस्त म्हणून एका व्यापाऱ्याकडून ट्रॉली घेतली. "कालचाच माल आहे, मालक." हात घातला तर कोमट, आंबट वास. जनावरं तुटून पडली. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तर कडेला हिरवी-काळी बुरशी, आत गोळे. वरचं फेकलं, खालचं घातलं. सगळं फेकायचा जीव झाला नाही. आठवड्यात बाळीने वैरण सोडली, मग ते झालं.

डॉक्टर म्हणाले, "काका, बुरशीने असं होऊ शकतं, पण तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. पावती आहे? नमुना ठेवलाय?" दोन्ही नव्हतं. व्यापाऱ्याला फोन केला. "झाकून ठेवली, घाम धरला. माझा काय दोष?" दुसऱ्या दिवसापासून त्याने फोनच उचलला नाही. मला गाईइतकाच तो न उचललेला फोन सलतो.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. मक्यात बुरशीचं विष असेल तर ते भट्टीत जळत नाही. पिठूळ भाग गेला की प्रथिनांसारखं तेही चोथ्यात तिप्पट होतं. पुढे ते दुधात उतरतं. दुधासाठी किलोला अर्धा मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, पण आमच्या गावात दूध घालताना फॅट आणि एसएनएफच बघतात. विकणाऱ्याने तारीख घातलेली पावती द्यायलाच हवी, आणि घेणाऱ्याने मूठभर नमुना बाटलीत ठेवावा.

हे लिहितोय आणि आठवतंय, पावसात भिजलेली मक्याची कणसं त्या हंगामात मीही नीट न वाळवताच बाजारात घातली होती.

कधी वाटतं, भट्टी जवळच असती तर. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून सूर्याच्या उष्णतेवर अल्कोहोल काढून पाहिलं होतं. दाणे घरात, रस भट्टीत, चिपाडं गोठ्यात. असं काही गावातच असतं तर ताजी चिपाडं त्याच दिवशी गव्हाणीत पडली असती. पण रात्रभर भट्टीपाशी बसायचं कुणी, तेही खरंच.

२०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, माझं चार हजारांच्या आसपास गेलं. या चोथ्याने सोयापेंडीची मागणी खाल्ली, असं अडत्यापासून सगळे सांगतात. तेव्हा इथेनॉलचं नाव नको वाटतं. तरी गेल्या महिन्यात मी पुन्हा चार गोण्या आणल्या, वाळलेल्या चोथ्याच्या, पावतीसकट. प्रत्येक गोणी उसवून आधी तळातली मूठ काढतो, तळहातावर चोळतो, वास घेतो. गाभण गाईंना मात्र चुणीच.