सीडी दिसते

"वाय-फायचा अडॅप्टर लावला की लॅपटॉपवर सीडी दिसते," बाबा फोनवर म्हणाले.

"बाबा, त्याला सीडी ड्राइव्हच नाही," मी हसलो. पुढे आठ दिवस त्यांनी विषयच काढला नाही.

सुट्टीत घरी गेलो. त्यांच्या उबुंटूवर वाय-फाय दिसतच नव्हतं. टर्मिनलमध्ये डीमेसेज चालू ठेवून अडॅप्टर काढून पुन्हा लावला. कर्नलला तो लगेच दिसला, पण सीडी-रॉम म्हणून! काही अडॅप्टर आधी असं सोंग घेतात. विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच त्यांना खऱ्या रूपात आणतं, पण त्याच्या यादीत हा नव्हता. मी ती सीडी इजेक्ट केली. अडॅप्टर क्षणभर गायब झाला आणि नवा आयडी घेऊन परतला. घरचं वाय-फाय दिसलं. दर वेळी हे करावं लागू नये म्हणून यूडेव्हचा एक नियम लिहून ठेवला.

"मला वाटलं, मीच काहीतरी बिघडवलं," बाबा हळूच म्हणाले.

लॉगमध्ये मी जे वाचलं, ते त्यांनी आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. शब्दशः. मी फक्त ऐकलं नव्हतं.