नर्सिंगचा कोर्स झाला, नर्स मात्र झाली नाही

मागच्या आठवड्यात बसस्टँडसमोरचे रसवंतीवाले काका ऑफिसात आले. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यातून आधी मुलीचं सर्टिफिकेट काढलं, मग एक लॅमिनेट केलेलं कात्रण. आमच्याच पेपरचं, २०२२ सालचं. बातमी मी लिहिलेली. 'प्रशिक्षित परिचारिकांचा पदवीदान समारंभ उत्साहात'. फोटोत त्यांची मुलगी डावीकडून तिसरी.

"साहेब, तुम्ही इथं परिचारिका लिहिलंय. मग झेडपीवाले नाही का म्हणतात?"

मला उत्तर माहीत होतं. म्हणूनच लगेच देता येईना. चहा मागवला.

झालं असं. मुलगी बारावी आर्ट्स. एका संस्थेत एक वर्षाचा 'नर्सिंग' कोर्स, फी पंचेचाळीस हजार. त्यातले वीस हजार काकांनी भिशीतून उचललेले. ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा परिषदांची मोठी भरती निघाली. आरोग्य परिचारिकेच्या पदाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागितली होती. संस्थेत विचारलं तर उत्तर आलं, "फाईल मुंबईला आहे, नंबर येईल." नंबर आला नाही. येणारच नव्हता, कारण तो कोर्स कौन्सिलच्या यादीतच नाही. पोरगी आजही एका खाजगी दवाखान्यात सात हजारांवर बारा-बारा तास ड्युटी करते. पेशंट तिला सिस्टर म्हणतात. कागदावर ती कुणीच नाही.

काका आणखी एक म्हणाले. संस्थेच्या बोर्डावर 'कम्युनिटी कॉलेज' असं आहे. प्रवेशाच्या वेळी तिथले सर म्हणाले होते, अमेरिकेत नर्सा कम्युनिटी कॉलेजातूनच तयार होतात. मला वाटलं थाप असेल. रात्री बसून वाचलं, तर गोष्ट खरी निघाली. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या मिल्ड्रेड माँटॅग यांनी तिथल्या ज्युनिअर आणि कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम प्रयोग म्हणून सुरू केला, आणि तो देशभर पसरला. आजही तिथं दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेणारी मुलगी आणि चार वर्षांची पदवी घेणारी मुलगी एकच परीक्षा देतात, एनक्लेक्स-आरएन. पास झाली की राज्याचा नर्सिंग बोर्ड लायसन्स देतो. इथून केरळची किंवा आपल्या सांगलीची नर्स तिकडं गेली तरी तिला तीच परीक्षा.

म्हणजे सरांनी अर्धंच सांगितलं. तिथल्या कॉलेजाचा कोर्स आधी राज्याच्या बोर्डानं मंजूर केलेला असतो, म्हणून त्या मुलींना परीक्षेला बसू देतात. नाव कम्युनिटी कॉलेज असल्यानं काही होत नाही. आपल्याकडं यूजीसीनंही २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. कौशल्याचे कोर्स त्यात चालतात, चांगले चालतात. पण परिचारिकेची नोंदणी हा वेगळा दरवाजा आहे.

त्या दरवाजातून आत जायच्या वाटा आपल्याकडं मोजक्याच आहेत. एएनएम दोन वर्षं, कुठल्याही शाखेची बारावी चालते. जीएनएम तीन वर्षं, बारावीला इंग्रजी हवं आणि ४० टक्के. या दोन्हींची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, त्याला सायन्स लागतं, बायोलॉजीसकट, वर सीईटी. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम झालेली मुलगी पुढं जीएनएम करू शकते, जीएनएमवाली दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवीधर होऊ शकते. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात नर्स होण्याची वाट यात कुठंच नाही.

वर्षभराचे कोर्स बोगसच असतात असं मी म्हणत नाही. जनरल ड्युटी असिस्टंट म्हणून जे शिकवतात ते उपयोगाचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, बीपी कसं बघायचं, हे यायला हवंच. माझे वडील शेवटचे चार महिने अशाच एका मुलीच्या हाती होते, तिचे उपकार आहेत. पण तिला तिच्या कामाच्या नावानं शिकवा. फ्लेक्सवर 'नर्सिंग' छापून पंचेचाळीस हजार घेऊ नका.

आणि दवाखाने? सगळ्यांना सगळं माहीत आहे. नोंदणी असलेली जीएनएम परवडत नाही म्हणून या मुली ठेवतात. औषधाचा डोस चुकला तर पहिला हात हिच्याकडं, आणि ती म्हणणार कुणाच्या जिवावर?

आता माझं. त्या संस्थेची वर्षाला तीन-चार वेळा जाहिरात असते. मला त्याचं कमिशन मिळतं, तालुक्याच्या पत्रकाराचं घर पगारावर चालत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. जाहिरात दिली की कार्यक्रमाची बातमी मागतात, आपण लावतो. त्यांच्या प्रेसनोटमध्ये 'परिचारिका' होतं, मी तसंच ठेवलं. एक फोन केला असता तर कळलं असतं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, मला आजवर कुणी नोंदणी क्रमांक विचारला नाही. कदाचित म्हणूनच सुचलं नसेल. काकांनी ते कात्रण घरात देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं.

त्यांना मी जे खरं ते सांगितलं. मुलगी तेवीसची आहे, एएनएम आणि जीएनएमला पस्तिसाव्या वर्षापर्यंत प्रवेश मिळतो, आर्ट्सची बारावी अडत नाही. पण ते एक वर्ष कुठंच धरलं जाणार नाही.

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"हो काका."

त्यांनी सर्टिफिकेट पिशवीत ठेवलं. कात्रण टेबलावरच राहिलं, मीही आठवण केली नाही.

परवा संस्थेतून फोन आला. नवीन बॅच, अर्धं पान, रंगीत. मी म्हणालो, चालू वर्षाचं कौन्सिलचं मान्यतापत्र पाठवा, परीक्षा कोण घेतं ते लिहून द्या, मुली प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलात जातात ते कळवा. तिन्ही आले की लगेच छापतो. ते म्हणाले, "सर, आजपर्यंत कधी विचारलं नाही तुम्ही." खरं आहे. अर्धं पान दुसऱ्या पेपरला गेलं, आज सकाळी बघितलं.

यंदा ज्यांच्या घरातली मुलगी प्रवेश घेणार आहे त्यांनी फी भरायच्या आधी संस्थेचं माहितीपत्रक घेऊन ऑफिसात यावं. नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का ते मी तुमच्यासमोर बघून देतो. संध्याकाळी पाचनंतर असतो. काकांच्या मुलीसाठी जिल्ह्याच्या सरकारी एएनएम स्कूलची चौकशी चालू आहे; तिथं ओळखीचं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.