गरिबाची भाकरी

अम्मीची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चपाती-भात कमी करून ज्वारीची भाकरी खायला सांगितली. अम्मीला हसू आलं. "गरीबी में खाते थे, अब अमीरां का खाना हो गया क्या?"

तिचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथल्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. दाणे माणसाला, कडबा जनावराला. २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जिल्ह्यात उजनीचं पाणी पोहोचलं तिथे ऊस आला. ज्वारी हाताने उपटायची, त्याला मजूर मिळत नाहीत. शेतकऱ्याला तरी काय बोलणार?

२०१९ साली 'ईट-लॅन्सेट' आयोगाच्या १६ देशांतल्या ३७ तज्ज्ञांनी माणसाची तब्येत आणि पृथ्वी दोन्ही सांभाळणारा आहार मांडला. न सडलेलं, कोंड्यासकट धान्य, डाळी, भाज्या, फळं जास्त. साखर आणि लाल मांस कमी. (बकरी ईदच्या आठवड्यात हे मी घरात बोलणार नाही.) धान्य-डाळींपुरतं पाहिलं तर अम्मीच्या लहानपणीचं ताट यापासून फार लांब नव्हतं. मग या आहाराचा खर्च काढला गेला. किमान १५८ कोटी लोकांचं माणशी उत्पन्नच त्याहून कमी भरलं.

हा आकडा मला शेजारच्या खालांनी समजावला. त्या विड्या वळतात. त्यांनाही साखर, त्यांनाही डॉक्टरांचा तोच सल्ला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने द्यायची सोय होती. २०२३ पासून तर रेशनचं धान्य मोफत आहे. पण आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं पिशवीत पडतात ते गहू आणि तांदूळ. बाजारात चांगल्या मालदांडीचा भाव गव्हाहून चढा. "सर, फुकटचा गहू घरात ठेवून जवारी विकत कशी आणू?" खाला म्हणाल्या. मी वर्गात पोरांना समतोल आहार शिकवतो. त्यांना उत्तर देता आलं नाही.

पैगंबरसाहेबांच्या घरी जवाची रोटी असे, हे दर रमजानला आपण ऐकतो आणि इफ्तारला मैद्याच्या समोशांवर तुटून पडतो. मीही त्यातलाच.

सध्या अम्मी रोज दोन भाकरी जास्त थापते आणि ताट झाकून खालांकडे पाठवते. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. परवा ताट आलं, त्यात रेशनचे गहू होते, निवडलेले.