दोन गाठींची तार

आमच्या घरात शिवणाच्या मशीनशेजारी, भिंतीला टेकून, एक विमान उभं असतं. पाहुणे आले की आधी त्याच्याकडे बघतात, मग आमच्याकडे. आमच्यापैकी एकजण शाळेत विज्ञान शिकवतो, दुसरी घरी शिवणकाम करते. विमानाशी आमचा तसा काही संबंध नव्हता. तो आणला आमच्या मोठ्या मुलाने.

शाळेत असताना तो एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेला. तिथे मॉडेल विमानं बनवायला आणि उडवायला शिकवतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यातला एक प्रकार कंट्रोल लाइनचा. विमानाला पोलादाच्या दोन बारीक तारा बांधलेल्या असतात. उडवणारा मध्ये उभा राहून हातात मूठ धरतो आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. मनगट वर-खाली केलं की तारा ओढल्या जातात, विमानाच्या पोटातली एक छोटी पट्टी फिरते, त्या पट्टीला जोडलेली काडी शेपटीची फळी हलवते आणि विमान चढतं किंवा उतरतं. त्या पट्टीला बेलक्रँक म्हणतात. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. आज रिमोटवर उडणारी विमानं बाजारात मिळतात, पण आमचा मुलगा म्हणतो, "अब्बा, रिमोटवरचं विमान दिसतं. तारेवरचं विमान हातात जाणवतं."

अकरावीत गेल्यावर त्याने ठरवलं की खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची. त्याने एचटी-२ निवडलं. हे भारतात आखलेलं आणि बांधलेलं प्रशिक्षण विमान. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली बंगलोरला त्याचा आराखडा झाला आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी आपली पहिली उड्डाणं याच विमानात केली. पुढे एक, मागे एक अशा दोन जागा, खाली बसकी पंखं, निमुळतं नाक. मूळ विमानाच्या पंखांचा पल्ला पस्तीस फुटांचा. मुलाने आठव्या हिश्श्याचं माप घेतलं, म्हणजे सव्वाचार फुटांहून थोडं जास्त. बाल्सा लाकूड, प्लायवूड, चिकटपट्टी आणि धूळ यांनी आमची पुढची खोली वर्षभर भरली होती. त्याचं स्वप्न आम्हाला ठाऊक होतं. बारावीनंतर एनडीएचा फॉर्म, मग हवाई दल, मग खरंखुरं विमान.

विमानावर हवाई दलाचं गोल चिन्ह रंगवायचं होतं. बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं. रंगाच्या बाटल्या समोर ठेवून तो प्रत्येक वेळी विचारायचा, "अम्मी, हा केशरीच ना?" आम्हाला वाटायचं, पोरगा किती काळजी घेतो! आम्ही एकमेकांकडे बघून कौतुकाने हसायचो.

मग रेडिओ बसवायची वेळ आली. तारा असताना रेडिओ कशाला, असं आम्हीही विचारलं. त्याने समजावलं. विमान चढवणं-उतरवणं मनगटाचंच काम, ते तारेनेच करायचं. पण प्रतिकृतीचं विमान खऱ्यासारखं उडायला हवं. हळू धावपट्टीवर चालावं, वेग घेऊन उठावं, मोटर मंद करून उतरावं. पूर्वी मोटरचा वेग कमी-जास्त करायला तिसरी तार लावत. आता तेवढंच काम छोट्या रेडिओवर देता येतं. पोटात रिसीव्हर, मोटरला स्पीड कंट्रोलर आणि त्यांना वीज द्यायला तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी.

एका संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसून त्याने कंट्रोलरच्या दोन तारा प्लगला सोल्डर केल्या, एक लाल, एक काळी. प्लगचा आकारच असा असतो की तो उलटा बसत नाही. पण आतल्या ताराच उलट्या जोडल्या तर प्लग तरी काय करणार? बॅटरी लावली आणि फट् आवाज आला. धूर, जळका वास आणि दोन महिने पैसे साठवून आणलेला कंट्रोलर काळाठिक्कर.

आम्ही त्याला बोललो. खूप बोललो. "लक्ष कुठे असतं तुझं? लाल आणि काळं कळत नाही? उद्या खऱ्या विमानात असं केलंस तर?" तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी इतकंच म्हणाला, "दोन्ही सारख्याच दिसल्या."

हे उत्तर आम्हाला उद्धटपणाचं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र आमच्यापैकी जी शिवते तिला वडील आठवले. मुलाचे नाना. त्यांचा आंब्याचा व्यापार होता. पिकलेला आंबा ते कधी रंग बघून निवडत नसत. नाकाशी धरत, अंगठ्याने दाबून बघत. गिऱ्हाईक म्हणायचं, काय पारख आहे! घरी मात्र लाल मिरच्या आणि हिरव्या मिरच्या वेगळ्या करायचं काम ते नानींकडे सरकवायचे. "माझे डोळे जुने आहेत," म्हणायचे. तेव्हा ते चाळिशीतही नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक उघडलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली ही चाचणी प्रसिद्ध केली. रंगीत ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. पहिल्या पानावरचा १२ मुलाने झटकन वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो, हे आम्हाला नंतर कळलं. पुढच्या पानांवर आम्हाला आकडे स्वच्छ दिसत होते. तो नुसता ठिपक्यांकडे बघत होता. आमच्या घशाला कोरड पडली. मिटवता येईल असं काही समोर नव्हतं.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. लाल-हिरव्या रंगांचा हा दोष जन्मतःच असतो, नजर कमजोर नसते, आजार वाढत नाही आणि त्याला औषधही नाही. लाल रंग अशा डोळ्यांना इतका गडद दिसू शकतो की तो काळ्याजवळ जातो. दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला ते एकच असतं आणि ते आईकडून मिळतं. आईला स्वतःला काही जाणवत नाही, ती फक्त वडिलांचं देणं मुलापर्यंत पोचवते. आणि हवाई दलाच्या वैमानिकाला रंगदृष्टी पूर्ण लागते.

येताना रिक्षात कुणी बोललं नाही. घरी आल्यावर मुलाने विमान कपाटावर चढवलं आणि त्यावर चादर टाकली. त्या रात्री आमच्यात शब्दाला शब्द लागला, हेही लिहायला हवं. "तुमच्या घरून आलं," असं एक वाक्य निघून गेलं. जे वाक्य बाहेरच्या कुणी उच्चारलं असतं तर आम्ही दोघे मिळून भांडलो असतो, ते घरातच उच्चारलं गेलं. त्याची माफी मागायला तीन दिवस लागले. मुलाची माफी मागायला त्याहून जास्त. दोष लहानपणापासून होता, आम्हीच पाहिला नाही, आणि वर त्यालाच निष्काळजी ठरवलं.

चार महिने विमान चादरीखाली होतं. एका दुपारी शिलाईचं काम संपल्यावर आमच्यापैकी जिच्या हातात सुई असते तिने ती चादर काढली. जाड दोरा घेतला. प्रत्येक तारेच्या टोकाशी गाठी मारल्या. बॅटरीच्या ऋण तारेला एक गाठ, धन तारेला दोन. रिसीव्हरच्या तिहेरी तारेत सिग्नलच्या तारेला तीन. त्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात. कुठे काळी, लाल, पांढरी, तर कुठे तपकिरी, लाल, नारिंगी. तपकिरी, लाल आणि नारिंगी! आमच्या पोराला या तीन तारा म्हणजे एकच तार. गाठी मारून विमान परत ठेवलं, सांगितलं काहीच नाही.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "अम्मी, दोन गाठी म्हणजे प्लस ना?"

मग आम्ही तिघे बसलो. डोळे मिटून बोटांनी तारा ओळखायचा सराव आम्हीही केला. नवा कंट्रोलर आला. प्लग जोडल्यावर बॅटरी लावण्याआधी मीटरने तपासायचं, हा नियम भिंतीवर चिकटवला. त्याच्या जोडीला आणखी काही. चाचणी करताना पंखा काढून ठेवायचा. आधी ट्रान्समीटर चालू, मग बॅटरी. उडवून झाल्यावर आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद. ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून बघायचं, मोटर आपोआप थांबली पाहिजे. बॅटरी गच्चीतल्या फरशीवर, कुणीतरी समोर बसून चार्ज करायची.

बॅटरी कुठे बसवायची, यावर दोन आठवडे गेले. नाक जड राहिलं पाहिजे, शेपटी जड झाली तर विमान हाताळता येत नाही. पण एचटी-२ चं नाक निमुळतं, बॅटरी आडवी मावेना. शेवटी ती उभी करून वैमानिकांच्या जागेच्या पुढे बसवली. वरची काचेची खोळ चुंबकांवर ठेवली, उचलली की बॅटरी हाताशी येते आणि बाहेरून काही दिसत नाही. रिसीव्हर स्पंजात गुंडाळून मागे ठेवला. त्याच्या दोन अँटेना पोलादी तारांपासून आणि बॅटरीपासून लांब, एकमेकींशी काटकोनात.

इथे विज्ञान शिकवणाऱ्याचा थोडा उपयोग झाला. विमान अठरा मीटरच्या तारेवर ताशी बहात्तर किलोमीटरने फिरलं तर एक फेरी पावणेसहा सेकंदांत होते. दोन किलोच्या विमानाची ओढ हातावर साडेचार किलोची येते. आणि पोटातली एकशेऐंशी ग्रॅमची बॅटरी चारशे ग्रॅमच्या जोराने सतत बाहेर, म्हणजे उजव्या भिंतीकडे रेटते. नुसता खालून पट्टा बांधला असता तर ती सरकली असती. म्हणून उजव्या बाजूला प्लायवूडची भिंत घातली, मध्ये पातळ फोम आणि वरून वेलक्रोचा पट्टा. मुलगा फळ्यावरचं गणित पहिल्यांदा इतकं मन लावून बघत होता.

थंडीतल्या एका सकाळी शाळेच्या मैदानावर गेलो. ट्रान्समीटरसाठी कमरेला बांधायची पिशवी घरीच शिवली होती. उजव्या हातात मूठ, डाव्या अंगठ्याखाली मोटरचा वेग. विमान धरून ठेवायचं काम आमच्याकडे आलं. त्याने मान हलवली, आम्ही सोडलं. ते गवतावरून धावलं, शेपटी उचलली आणि उठलं. मुलगा त्याच्याबरोबर गरगर फिरत होता, नजर विमानावरून हलत नव्हती. सहाव्या फेरीला त्याने मोटर मंद केली. खऱ्या विमानासारखं ते हळूहळू खाली आलं, एकदा उसळलं आणि थांबलं. त्याला चक्कर आली होती, तो गवतावर बसला. आम्ही धावत गेलो तर तो हसत होता, आणि डोळे ओले होते. कशामुळे, ते आम्ही विचारलं नाही.

एनडीएचा फॉर्म त्याने भरला नाही. तो कागद अजून टेबलाच्या खणात आहे, टाकवत नाही. त्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. विमानं आखायची आहेत, असं सध्या म्हणतो. कधीकधी आकाशात विमानाचा आवाज आला की तो वर बघत नाही. ते आम्हाला दिसतं. सगळं बरं झालं असं आम्ही म्हणणार नाही.

वाचक बहीण-भावांनो, हे लिहिण्याचं कारण एकच. तुमचं मूल खडूचा रंग पुन्हा पुन्हा विचारत असेल, झाडाला हिरवा रंग सोडून भलताच रंग देत असेल, पिकलेलं-कच्चं फळ ओळखताना चुकत असेल, तर रागावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चाचणीला काही मिनिटं लागतात. मुलीत हा दोष फार क्वचित दिसतो, मुलात जास्त, पण तपासणी दोघांचीही करा. आणि मुलाने मनात एखादं स्वप्न पक्कं करण्याआधी करा. आम्ही उशीर केला.

विमानाच्या पोटात आजही त्या गाठी आहेत. परवा मुलाने कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या तारांनाही दोरा बांधला. एका सोबत्याने विचारलं, हे कशाला? दुसरा एकजण हळूच पुढे येऊन म्हणाला, "मलाही दोन गाठींची बांधून दे."