बीज आणि पूल

टेराफॉर्म (२०१४) या साधनाची भाषा आज्ञार्थी नाही, वर्णनपर आहे. ‘सर्व्हर उभा कर’ असे तिच्यात लिहीत नाहीत. मुंबईतला एक सर्व्हर, त्याला जोडलेली डिस्क, माइनक्राफ्टसाठी उघडे ठेवलेले २५५६५ क्रमांकाचे पोर्ट, असे हवे ते जग लिहायचे आणि वास्तवाने त्या संहितेशी जुळवून घ्यायचे. साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना याची भुरळ न पडती तरच नवल.

२०२०च्या टाळेबंदीत आम्ही घरच्या मुलांसाठी असा सर्व्हर क्लाउडवर चालवला. खर्च वाचावा म्हणून रात्री ‘डिस्ट्रॉय’, सकाळी ‘अप्लाय’. जगाची डिस्क वेगळ्या संहितेत होती. एकदा आवराआवरीत ती आम्ही मुख्य संहितेत आणली. त्या रात्री नष्ट होणाऱ्या वस्तूंच्या यादीत एक नोंद जास्त होती. ती न वाचताच आम्ही ‘येस’ लिहिले. (आणि आम्ही सूक्ष्म वाचनाचे तास घेतो!)

जगाचा बीजांक संहितेत होता. त्यामुळे सकाळी तेच डोंगर, तीच नदी जशीच्या तशी उगवली. मुलांनी बांधलेले मात्र काहीच नव्हते. “नदी आहे, मग पूल कुठे गेला?” धाकटीने विचारले.

डिस्कच्या वर्णनात आम्ही ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ ही ओळ घातली. पूल तिने पुन्हा बांधला, नदीच्या दुसऱ्या वळणावर.